अळणी ताट

मी नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, आणि एम.ए.च्या पहिल्या वर्षाला माहिती शोधायची कशी, ताडून बघायची कशी, हे शिकवते. वेळापत्रकात या तासाचं नाव मोठं भारदस्त छापलेलं असतं. मुलं त्याला ‘लायब्ररीचा तास’ म्हणतात आणि त्या तासाला डबा उघडता येतो का याची चाचपणी करतात. लोहा, उमरी, धर्माबाद अशी कुठून कुठून सकाळच्या गाडीनं येणारी ही पोरं. डोक्यानं चलाख आहेत. पण एक गोष्ट त्यांना काही केल्या जमत नाही, ती म्हणजे ‘मला हे सापडलं नाही’ असं लिहून देणं.

त्यांना तरी काय बोलायचं? आमच्याकडं वाटेत कुणालाही पत्ता विचारा. माहीत नसला तरी माणूस तुम्हाला रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही. हात लांब करून कुठं तरी धाडेलच. नाही म्हणायला त्याला पाहुण्याला उपाशी लावून दिल्यासारखं होतं. आता खिशातला मोबाईलही तसाच निघालाय. काहीही विचारा, उत्तर तयार. त्यामुळं मुलांना वाटतं, जगात सगळ्याच प्रश्नांना उत्तर असतं, फक्त नेटवर्क पाहिजे.

म्हणून मी दर वर्षी एक खोडी काढते. विषयांच्या चिठ्ठ्या करते, मुलं एकेक उचलतात, आणि त्या विषयावर तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून माहिती आणायची असते. त्यातल्या एका चिठ्ठीवर मी माझ्या मनानं रचलेला विषय असतो. जगात नसलेला. ज्याच्या वाट्याला ती चिठ्ठी येईल, त्यानं सगळं धुंडाळून शेवटी ‘आढळले नाही’ असं लिहून आणलं की पैकीच्या पैकी गुण. आजवर फार कमी जणांनी ते आणलं. एका पठ्ठ्यानं तर नसलेल्या किल्ल्यावर चांगली जाडजूड फाईल आणली होती, पायथ्याशी चहाची सोय आहे इथपर्यंत. मी त्याला तो चहा पिऊन ये म्हणाले होते.

गेल्या वर्षीचा खोटा विषय मला बसमध्ये सुचला. माझं माहेर लातूरजवळचं. आई आता भावाकडं लातुरातच असते. तिला भेटून मी एसटीनं नांदेडला परत निघाले होते. अहमदपूर मागं पडलं होतं, लोहा यायचं होतं. खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं आणि माझा डोळा लागत होता. तेवढ्यात विषय सुचला, तोही सगळा एकदम, कुणी कानात सांगावा तसा. लग्नात रुसून गेलेल्या बाईचं ताट. पहिल्या पंगतीला तिचं ताट वाढतात. ताटाचं तोंड दाराकडं. डाव्या हाताला पाण्यानं भरलेला तांब्या. ताटात सगळं असतं, मीठ तेवढं वाढत नाहीत. का, तर ती आली तर तिनं मीठ मागावं. मागितलं की बोलणं झालं, आणि बोलणं झालं की रुसवा गेला. मला माझंच कौतुक वाटलं. मीठ न वाढण्याची कल्पना तर फारच झकास जमली होती.

नव्यानं चढलेल्यांची तिकिटं देत कंडक्टर माझ्यापाशी आला. मी लातूरला काढलेलं माझं तिकीट दाखवलं. तो म्हणाला, ‘‘आन् ह्या बाईंचं?’’ मी म्हटलं, कोणत्या बाईंचं? शेजारच्या सीटवर माझी पिशवी होती. त्यानं पिशवीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेला. उन्हानं त्यालाही गुंगी आली असेल असं मी तेव्हा समजले.

चिठ्ठीवर मी एवढंच लिहिलं: ‘नांदेड जिल्ह्यातील लग्नांमध्ये रुसलेल्या बाईचे ताट वाढण्याची प्रथा.’ बाकीचं काही लिहिलं नाही आणि कुणाला बोललेही नाही. हे मी पुन्हा पुन्हा तपासून बघितलंय.

ती चिठ्ठी उमरीजवळच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलीनं उचलली. घरचं शेत, बाप स्वतः कसणारा, घरात शिकलेली ही पहिली. वर्गात फारसं बोलत नसे, पण एकदा विचारायला लागली की पिच्छा पुरवायची. चिठ्ठी वाचून तिनं ती घडी घालून मुठीत धरली आणि तास संपेपर्यंत माझ्याकडं बघत बसली. मला वाटलं, पोरगी ओळखतेय बहुतेक माझी खोडी.

काम जमा करायच्या दिवशी तिनं हातानं लिहिलेले कागद आणले. दुपारची वेळ होती, वाचनकक्षात मी एकटीच होते. वीज गेली होती, पंखे थांबले होते. ती समोर उभी होती आणि मी वाचत होते. ही प्रथा आमच्याच घरात आहे, असं तिनं पहिल्या ओळीत लिहिलं होतं. मी मनात म्हटलं, झालं, हिनंही किल्ला बांधला. मग पुढं वाचलं. ताटाचं तोंड दाराकडं असतं. डाव्या हाताला भरलेला तांब्या असतो. ताटात मीठ वाढत नाहीत, कारण तिनं ते मागावं.

मी त्या ओळी पुन्हा पहिल्यापासून वाचल्या.

‘‘हे तुला कुणी सांगितलं?’’ मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

‘‘सांगायचं काय मॅडम, आमच्या घरातलंच हाय ते. मीच तुम्हाला इचारणार होते, तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. आमच्या घराभायेर हे कुणालाच म्हाईत न्हाई.’’

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या आजोबांच्या दोन बहिणी. धाकटी लवकर विधवा झाली आणि माहेरीच राहिली, घरात सगळे तिला आत्याआजी म्हणतात. थोरलीला लातूरकडं दिलं होतं. एकदा माहेरपणाला आली असताना दोघी बहिणींत एका लुगड्यावरून भांडण झालं, आणि थोरली न जेवता सासरी निघून गेली. नंतर धाकटीचं लग्न ठरलं. भांडणाच्या रागात थोरलीला आणायला माहेराहून मुराळी गेला नाही, नुसता निरोप धाडला. ती लग्नाला आलीच नाही. त्यानंतर कधीच आली नाही. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात आत्याआजी स्वतः बहिणीचं ताट वाढतात.

‘‘आता त्यायला दिसत बी न्हाई नीट,’’ मुलगी म्हणाली. ‘‘पर कुणाचं लग्न निघालं की पैल्यांदा इचारतेत, ह्या टायमाला तरी येती का अक्का? मॅडम, मला गुण नका देऊ. पर माणूस शोधायचं कसं, तेवढं शिकवा. आत्याआजी जिवंत हायेत तवर.’’

मी तिला पुढच्या आठवड्यात ये म्हणाले. ती गेल्यावर खिडकीजवळची खुर्ची मला उगाचच जरा जास्त बाहेर ओढलेली वाटली. मी ती आत सरकवून ठेवली आणि लवकर घरी गेले.

मुलांना मी पहिल्या तासाला एक नियम सांगते. कुठलीही गोष्ट हाती आली की आधी विचारायचं, ही माझ्याकडं आली कुठून? तो नियम आता मलाच लागू झाला होता. पंगत, तांब्या, दार, मीठ. हे माझ्या डोक्यात कुठून आलं? दोन दिवस मी काढले कसेबसे आणि रविवारी लातूर गाठलं.

आई शेंगा फोडत बसली होती. साक्षीदाराच्या तोंडात आपले शब्द घालायचे नाहीत, हा माझा दुसरा नियम. मी साधं विचारलं, ‘‘आई, आपल्याकडं लग्नात पूर्वी कुणाचं ताट वेगळं वाढायचे का गं?’’

आईचा हात थांबला.

‘‘कोण सांगितलं तुला?’’

‘‘तू आधी सांग.’’

‘‘माझ्या लग्नात बघितलं मी. तेच शेवटचं. अळणी ताट होतं, मीठ वाढल्यालं नव्हतं. मी नवी नवरी, मला वाटलं इसरले असतील, म्हणून मी मीठ वाढायला गेले तर सासूबाईनं माझा हात धरला. तुझ्या आजोबाला ते समजलं आन् लई चिडले. पुन्हा माझ्या घरात हे ताट दिसायचं न्हाई म्हणाले. तवापासून बंद. तुझ्यासमोर कुणी बोललं असंल असं मला न्हाई वाटत. तुझा जन्मच नव्हता.’’

ते ताट आजोबांच्या थोरल्या वहिनीचं होतं. आईच्या थोरल्या चुलत सासूबाई. ती रुसली की अळणी जेवायची, पण तोंड उघडून मीठ मागायची नाही, हे माहेर आणि सासर दोन्ही घरांना ठाऊक असणार. म्हणून एकमेकांशी बोलणं नसलेल्या दोन घरांनी तिच्यासाठी एकसारखं ताट वाढलं. एवढ्याचा उलगडा झाला. माझ्या डोक्यात ते कसं आलं, त्याचा झाला नाही. माझ्या लहानपणी कुणीतरी बोललं असेल आणि मी अर्धवट झोपेत ऐकलं असेल, असं मी स्वतःला सांगते. दिवसा ते पटतंही.

‘‘उमरीकडची होती ना ती?’’ मी विचारलं.

‘‘हाव. भैनीच्या लग्नाला गेली आन् तिकडंच राहिली. घरातले नको म्हणत होते, मुराळी आल्याबिगर जायचं न्हाई म्हणून. पर ती ऐकली न्हाई. एकलीच निघाली, सकाळी सकाळी. लोह्याच्या बाजाराला जाणाऱ्या एका गाडीवाल्यानं तिला लोह्याच्या अलीकडं सोडल्यालं सांगितलं होतं. पुन्हा आली न्हाई. माहेरच्यायनं बी काही कळवलं न्हाई. आमच्या लोकायनं बी इचारलं न्हाई. आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल म्हणाले. दोन वर्सानं तिच्या नवऱ्यानं, थोरल्यायनं, दुसरं लग्न केलं.’’

आईच्या ध्यानात ते आलं नव्हतं. येणार तरी कसं, तिच्याकडं एकाच घराची गोष्ट होती. दुसऱ्या घराचीही माझ्याकडं होती. सासरचे म्हणत होते, ती माहेरी रुसून बसली. माहेरचे म्हणत होते, ती सासरी रुसून बसली. एका घरानं मुराळी पाठवायचा नाही, दुसऱ्या घरानं बोलावणं धाडायचं नाही, आधी कुणी वाकायचं नाही. पुढं पुढं दोन्हीकडची माणसं कुठल्या बाजारात, कुठल्या मयतीला भेटली असतील. पाऊसपाणी, गुरंढोरं सगळं बोलली असतील, तिचं नाव मात्र कुणी काढलं नसेल. मानापानाच्या या खुळापायी एक जितीजागती बाई मधल्या वाटेवर राहून गेली, आणि दोन्हीकडं तिची ताटं वाढली जात होती. मला इतका संताप आला की मी आईवरच ओरडले. ती बिचारी शेंगांची टोपली घेऊन आत निघून गेली.

परतीच्या एसटीत मी शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली नाही. लोहा येईपर्यंत ती सीट रिकामीच होती. गाडी भरलेली असूनही तिथं कुणी बसलं नाही. मी खिडकीबाहेर बघायचं टाळलं, कारण त्या वाटेचा कुठला तुकडा ‘लोह्याच्या अलीकडं’ असेल हे मला शोधायचं नव्हतं.

मुलीला मी सगळं सांगितलं. मग आम्ही दोघींनी शिकवल्याप्रमाणं शोध घेतला. लोह्याला गेलो, जुन्या माणसांना विचारलं, त्या गाडीवाल्याचं घर धुंडाळलं. त्याचा नातू मुंबईला असतो, त्याला फोनवर काही सांगता आलं नाही. इतक्या जुन्या काळची कागदपत्रं कुठल्याच कचेरीत मिळाली नाहीत. दोन-तीन म्हाताऱ्यांनी ‘हाव, होती अशी एक बाई’ म्हणून सुरुवात केली, पण मुलीनं सावधपणे विचारल्यावर ती बाई वेगळीच निघाली. पोरगी तयार झाली होती. मला तिचा अभिमान वाटत होता, आणि शोध संपत आला म्हणून भीतीही.

मग तिच्या चुलतबहिणीचं लग्न आलं. ‘‘मॅडम, तुमी या,’’ ती म्हणाली. ‘‘तुमी त्या घरच्या हाव. तुमीच सांगा.’’

मी नांदेडहून रेल्वेनं उमरीला उतरले. मुलीचा भाऊ मोटारसायकलवर न्यायला आला होता. गावात मांडव, डीजे, बुफेची टेबलं, सगळं आजकाल असतं तसंच. घरात मात्र आतल्या खोलीत जमिनीवर एक पाट मांडला होता, आणि त्यापुढं आत्याआजी ताट वाढत होत्या. वरण, भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी. हातानं चाचपून एकेक पदार्थ जागेवर ठेवत होत्या. तांब्या डावीकडं होता. ताट वाढून झालं तेव्हा ते जरासं तिरपं राहिलं होतं. मी खाली वाकले आणि ते दाराकडं नीट वळवलं. कुणी सांगितलं नव्हतं. मुलगी माझ्याकडं बघतच राहिली.

‘‘कोण हाय?’’ आत्याआजींनी विचारलं.

मुलीनं सांगितलं, अक्काच्या सासरच्या आहेत म्हणून. आत्याआजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

‘‘आलात का शेवटी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आमीच यायला पाह्यजे होतं. कशी हाय ती? माझ्यावर अजून राग हाय का तिचा?’’

बाहेर डीजे दणदणत होता आणि त्या खोलीत मला तांब्यातलं पाणी हलतंय असं वाटत होतं. एक उत्तर माझ्या अगदी जिभेवर होतं. सुखानं गेल्या त्या, आजी, शेवटी तुमची आठवण काढत होत्या. एवढं म्हटलं की झालं. म्हातारी निवांत झाली असती आणि मीही पुढच्या गाडीनं घरी गेले असते. वाटेत पत्ता सांगणाऱ्या त्या सगळ्या माणसांचा मला त्या क्षणी पहिल्यांदा राग आला नाही. पण मुलगी दाराशी उभी होती. तिला मी वर्षभर जे शिकवलं होतं, ते ती माझ्या तोंडून ऐकायला थांबली होती.

‘‘आजी,’’ मी म्हटलं, ‘‘त्यांचा तुमच्यावर राग नव्हता. मुराळी आला नाही, घरातले नको म्हणत होते, तरी त्या एकट्या निघाल्या. तुमच्याच लग्नाला निघाल्या होत्या. लोह्याजवळ आल्या. तिथून पुढं कुठल्याच घरी पोचल्या नाहीत. आम्ही दोघींनी लई शोधलं, आजी. पण त्या सापडल्या नाहीत.’’

माझा हात त्यांच्या हातात तसाच होता. आत्याआजी हळूच म्हणाल्या, ‘‘निघाली होती व्हय.’’

‘‘हाव आजी. निघाल्या होत्या.’’

‘‘माझ्या लग्नाला.’’

त्यांनी माझा हात सोडला. भिंतीला धरून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. आम्हाला डब्यांचा आवाज ऐकू येत होता. मुलगी मदतीला जाऊ लागली तर मी तिला थांबवलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती. पाटापुढं बसल्या, ताटाची कड बोटांनी शोधली आणि वरच्या अंगाला मीठ वाढलं.

‘‘जेव अक्का,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मागू नको.’’